साधी गाठ

"बाई, एक बी वळ सोडू नका."

कागद माझ्या हातात दिला की ती एवढंच म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बोटाकडे बघत बसायची. बोट प्रत्येक ओळीखालून सरकलं पाहिजे. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

अनघा, हे सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून आसपासच्या चार गल्ल्यांतले इंग्रजी कागद माझ्याकडे यायचे. त्यासाठी मी संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ ठेवली होती. ती यायची पावणेपाचला. नवरा घरच्या मागावर चादरी विणायचा आणि ती त्या खांद्यावर टाकून दारोदार विकायची. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि गिऱ्हाइकानं फारच भाव पाडला तर दोन्ही एकदम.

विजेचा मीटर तिच्या नावावर होता. एकदा त्याची नोटीस वाचताना मी पहिली ओळ गाळली. तिनं माझं बोट धरलं.

"हितं काय म्हणतंय?"

"काही नाही गं. 'प्रिय महोदया' आहे."

"मंग वाचा की! मला प्रिय म्हणणारं दुसरं कोण हाय?"

पुढे वर्षभर मी प्रत्येक नोटीस 'प्रिय महोदया'पासून वाचली.

एका दुपारी ती कागद न घेता आली. स्वयंपाकघरात येऊन तिनं माझा हात धरला आणि पदराखाली आपल्या छातीवर ठेवला. "ज्वारीचा दाणा व्हता. आता चिंचोका झालाय. दुकत न्हाय, म्हणून कुणाला बोलले न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढली आणि तिला इस्पितळात नेलं. तेव्हा एकच उपाय ठाऊक होता. सगळा स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढून टाकायचं. तिला कुणी काही विचारलं नाही. अंगठा मात्र घेतला.

महिन्याभरात ती पुन्हा दारात उभी. "एका अंगानं हलकी झाले, बाई. गाठोडं सारकं घसरतंय." पोलक्यात आधी तिनं कापूस भरला होता. कापसाला वजन नाही, म्हणून मग पिशवी शिवून त्यात ज्वारी भरली. "आता तोल बरा हाय. निस्ती शेजारणीची कोंबडी लई प्रेमात पडलीया." आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

मग मोठ्या डॉक्टरांचं पत्र आलं. ते घेऊन आधी तिचा नवरा आला, एकटाच. उंबऱ्यावर बसून तो रडायला लागला. गाठ कॅन्सरची होती. मुंबईला जाऊन सहा आठवडे विजेचे शेक घ्यायचे होते. "तिला सांगू नका, बाई. हाय खाईल. डाक्टर बी तेच म्हनले. शपथ हाय तुमाला."

तेव्हाची रीतच तशी होती. घरच्यांना सांगायचं, जिचं दुखणं तिला नाही. मला ती रीत शहाणपणाची वाटली.

ती तेच पत्र घेऊन पावणेपाचला आली. मी पत्र उलगडलं. माझं बोट एकाही ओळीवर चुकलं नाही. तोंडानं मी म्हणाले, "साधी गाठ होती. पूर्ण निघाली. ताकद यावी म्हणून मुंबईला शेक घ्यायचेत."

तिनं घडी घालून पत्र कमरेला खोचलं. "देवच पावला."

आणि ती मुंबईला गेली नाही.

आम्ही दोघांनी तिला किती विनवलं! "साध्या गाठीसाठी सा आठवडे? पोरीचं लगीन तोंडावर आलंय. खुळी हाय काय मी?" तिचं म्हणणं बिनतोड होतं. ते मोडणारा एक शब्द माझ्या तोंडाशी यायचा, आणि मी तिच्या नवऱ्याकडे बघायची. तो मान हलवायचा.

दीड वर्षानं तिची पाठ दुखायला लागली. इस्पितळात जाताना तिनं ते पत्र बरोबर नेलं. तिथल्या एका नव्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, हिला माहीत असणारच. त्यांनी ते मराठीत वाचून दाखवलं.

तिथून ती सरळ माझ्याकडे आली. आत आली नाही. पायरीवर उभी राहिली.

"नवरा खोटं बोलला, त्याचं काय न्हाय. त्यो भित्रा हाय. तुमाला कशाचं भ्या व्हतं?"

"तू खचशील असं वाटलं गं."

"आन् खचले असते तर? रडले असते चार दिस. मग पोरीचं लगीन फुडं ढकललं असतं आन् गेले असते. न्हाय तर न्हाय. पर माजं मी ठरवलं असतं की." तिनं कमरेचं ते पत्र काढून माझ्यापुढे धरलं. "तुमी तोंडानं येगळंच वाचत व्हता, बाई. मी बोटाकडं बगत व्हते."

शेक घेऊन ती वाचली असती का, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. मी मात्र तो आधार घेत नाही.

परवा तुझं पत्र आलं, अनघा. तुमच्या इस्पितळात आता बाईला समोर बसवून सगळं सांगतात, पुष्कळदा गाठ तेवढीच काढतात, आणि काय करायचं ते तिलाच विचारतात, असं तू लिहिलंस. तू कॅन्सरच्याच कामात आहेस, म्हणून हे तुला कळवलं. औषधं तर पुढे गेलीच. पण ती शेवटची गोष्ट करायला आम्हाला कुठल्याच औषधाची गरज नव्हती.

पायरीवरच्या त्या बोलण्यानंतर ती एकदाच आमच्या गल्लीत आली, ती शेवटची. हात सुजलेला, गाठोडं निम्म्याहून लहान. शेजारच्या ओट्यावर तिनं एक हिरवी चादर पसरली होती. मी चपला न घालताच बाहेर गेले.

"ही मी घेते. केवढ्याला?"

"विकली गेली, बाई," ती म्हणाली. शेजारीण तिच्याकडे बघतच राहिली. तिनं मात्र चादरीची सावकाश, काठाला काठ जुळवून घडी घातली, गाठोड्यात ठेवली आणि गाठ मारली.