बाराव्या घराचा जबाब

ती केस इतक्या वर्षांनीही डोळ्यांपुढून हलत नाही. दुष्काळाचं साल होतं. शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पुढे नव्या वसाहती उठत होत्या. घरं आली होती, नळ यायचे होते. अशाच एका गल्लीत फक्त एका निवृत्त गुरुजींच्या बोअरला पाणी होतं. ते संध्याकाळी अंगणातला ड्रम भरून ठेवत आणि सकाळी गल्लीतल्या बारा घरांना दोन-दोन हंडे देत. वाटण्याआधी स्वतः तांब्याभर पिऊन दाखवायचे, पाणी चांगलं आहे म्हणून.

त्या सकाळी वास आला म्हणेपर्यंत दोन घोट गेले होते. ड्रममध्ये कपाशीवर फवारायचं औषध होतं. गुरुजी दवाखान्यात बेशुद्ध, डॉक्टर काही खात्री देईनात.

आमची पोलिसी खोड अशी, की आधी जुन्या तक्रारींचं रजिस्टर उघडायचं. त्यात भिंतीवरून गुरुजींशी भांडलेला शेजारी सापडला. खबऱ्यानेही त्याचंच नाव दिलं. दिवसभर त्याला ठाण्यात बसवून मी चांगलंच दमात घेतलं. शेवटी तो वैतागला. "साहेब, भांडतो मी त्यांच्याशी, व्हय. पण रांगेत उभा व्हतो की! तेच पाणी माझी लेकरं पिणार व्हती."

मी चपापलो. रांगेतल्यांचे जबाब पुन्हा मोजले. घरं बारा आणि जबाब अकरा.

बाराव्या घरातला माणूस कंपनीत कामाला होता, कुणाविरुद्ध कधी चकार शब्द न काढलेला. "आज हंडा घेऊन का आला नाहीस?" एवढंच विचारलं. तो रडला नाही, नाकबूलही झाला नाही.

"गुरुजी रोज सगळ्यांदेखत म्हणायचे, या, लाजू नका. रोज हसून. एक दिवस नाय म्हणले असते ना साहेब, तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो."

खून, दरोडे पाहिलेला माणूस मी, पण असं कारण कधी ऐकलं नव्हतं. त्याने गंगापूरकडच्या आपल्या शेतातून आणलेली औषधाची बाटली पंचांसमक्ष त्याच्याच घरातून जप्त केली.

गुरुजी वाचले. नाव सांगितलं तर मलाच म्हणाले, "चुकताय तुम्ही. त्याचं माझं काहीच वैर नाही."

वैर असेल तिथेच द्वेष असतो, असं मीही धरून चाललो होतो. पण ज्याला रोज मान खाली घालून घ्यावं लागतं, त्याला ती वर करायला काहीतरी लागतं. द्वेष कधीकधी तेवढ्यासाठीच असतो. त्यानंतर प्रत्येक फिर्यादीला मी "भांडण कुणाशी?" याबरोबर "उपकार कुणावर केलेत?" हेही विचारू लागलो. घरी बसून स्वतःला मात्र हा दुसरा प्रश्न अजून विचारलेला नाही. धीर होत नाही.