साडेतीनचं पाणी

आमच्या कॉलनीत पाणी मी सोडतो. संभाजीनगरहून करमाडकडे निघालं की डाव्या हाताला आमची चाळीस घरांची कॉलनी लागते, आणि तिच्या टाकीचा व्हॉल्व्ह सेक्रेटरी या नात्याने माझ्या ताब्यात आहे. पाण्याच्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर टाकतो, "आज पाणी पाच वाजता, एक तास." याचा अर्थ सहा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. (पाचला मी चहा घेतो. मग चपला सापडत नाहीत. चपला सापडल्या की पाना सापडत नाही.)

माझी बायको सुमन मात्र घड्याळाची. दूध, कुकर, मुलीची शाळा, माझी ऑफिसची बस, घरातली सगळी वेळ तीस वर्षं तिनेच सांभाळली. म्हणून परवा पनवेलला मुलीकडे गेलो असताना अलिबागचा कुलाबा किल्ला बघायचं ठरलं, तेव्हा तिने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"आजचा दिवस मी वेळ बघणार नाही. तुम्ही बघा. फक्त आईला कोरडी परत आणा."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्काम फुलंब्री. चार महिन्यांपूर्वी त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत. पाय घसरता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "लांबून बघंन," त्या म्हणाल्या, "पर त्येच्या वाटंला जानार नाय."

हा किल्ला भर समुद्रात आहे. ओहोटी असली की वाळूतून चालत नाहीतर घोडागाडीने जाता येतं. आम्ही घोडागाडी केली. गाडीवाल्याने किल्ल्याच्या दरवाजाशी उतरवलं आणि सांगितलं, "साडेतीनला पाणी येईल. सव्वातीनला इथे या, मी थांबतो."

"साडेतीन म्हणजे?" मी विचारलं.

"साडेतीन."

"म्हणजे साधारण पाच."

"साहेब, साडेतीन."

सासूबाईंना वेगळीच शंका होती. "पानी सोडतं कोन?"

"चंद्र, आजी."

"कोन चंद्रकांत?"

"कोणी का असेना," मी त्यांना हळूच म्हटलं, "पाणी सोडणारा माणूस कधी वेळेवर आलाय का?" हे मी अनुभवाने सांगत होतो.

आत गेलो आणि घात झाला. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर निघाली. तिथल्या फुलवाल्या बाईंनी तांब्या पुढे केला. सासूबाईंनी एक घोट घेतला, तांब्याकडे पाहिलं, मग सगळा संपवला.

"चारी अंगानं खारं अन् मधीच गोडं? हे कसं काय ओ?"

मलाही तेच कोडं पडलं होतं. मोटर नाही, पाइप नाही, व्हॉल्व्ह नाही, आणि पाणी आहे! मी विहिरीला दोन चकरा मारल्या, दगडाला कान लावला. सासूबाई काठीने जमीन ठोकत मागून. "हितनं येत आसंल." "नाही आई, उतार तिकडे आहे." मग आम्ही उतार बघायला तटापर्यंत गेलो आणि तिथून झरा शोधत परत आलो. "पहिल्यापासून आहे ती," फुलवाल्या बाई म्हणाल्या. एवढ्यावर आमचं समाधान होणार नव्हतं. सुमनने दोनदा विचारलं, "झाली का वेळ?" मी दोन्ही वेळा घड्याळ न बघता सांगितलं, "लई आहे अजून." घड्याळ माझ्या खिशात होतं, आणि बरोबर चाललं होतं.

दरवाजाशी आलो तेव्हा चारला दहा कमी होते. रस्ता नव्हता. जिथे आमच्या घोड्याने लीद टाकली होती, तिथे लाटा येत होत्या. गाडीवाला वाट बघून कधीच गेला होता.

सासूबाईंनी काठी लाटांकडे रोखली. "आमचा दौलताबादचा किल्ला बरा," त्या म्हणाल्या. "त्याचा रस्ता कुठं जात नाय."

सुमनने नुसता हात पुढे केला आणि मी त्यावर घड्याळ ठेवलं. तीस वर्षांत बाईने एक दिवस घड्याळ उतरवलं होतं, आणि तेवढा एक दिवस मला सांभाळता आला नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

थोड्या वेळाने होडी आली, पण दहा पावलांवरच थांबली. मधे गुडघाभर पाणी, आणि सासूबाईंचे गुडघे नवे. मी पाठ वाकवली.

"जावयाच्या पाठीवर बसू व्हय? फुलंब्रीत कळलं तर तोंड दाखवाया जागा ऱ्हायची नाय."

"फुलंब्रीत सांगणार कोण?"

"म्या सांगनार की."

शेवटी बसल्या. मी पाण्यात उतरलो. निम्म्यात गेल्यावर कानाशी आवाज आला, "जावईबापू, थांबा जरा. चाखून बघू द्या." मी वाकलो. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारंच हाय की," त्या समाधानाने म्हणाल्या. तेवढ्यात आलेली लाट समोरून माझ्या छातीवर फुटली, पाठ तेवढी कोरडी राहिली. मी भिजलो, पाकीट भिजलं, मोबाइल भिजला. सासूबाई होडीत कोरड्या उतरल्या, एक बोट सोडून.

होडीत त्यांनी नावाड्याला विचारलं, "उद्या बी ह्याच टायमाला येतं का पानी?"

"नाही आजी, उद्या पाऊण तास उशिरा."

माझी ओली छाती फुगली. "बघा! समुद्रालाही उशीर होतो."

पदर पिळत सुमन म्हणाली, "तो आदल्या दिवशी सांगतो."

हे फार लागलं. घरी आल्यावर पहिल्याच पाण्याच्या दिवशी मी ग्रुपवर टाकलं, "आज पाणी पाच वाजता, एक तास. खरोखर." चहा बाजूला ठेवला, पाचच्या ठोक्याला व्हॉल्व्ह उघडला आणि सहाच्या ठोक्याला बंद केला. सहा वाजून पाच मिनिटांनी एकोणचाळीस घरांच्या पाण्याच्या मोटरी चालू झाल्या आणि कोरड्याच घरघरल्या. कॉलनीत एकच टाकी काठोकाठ भरली होती. आमची. सुमनने माझ्या शब्दावर पाचला पाच कमी असतानाच तोटी उघडून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मला जेवढा आनंद झाला, तेवढा लग्नातही झाला नव्हता. तो साडेसहापर्यंत टिकला. मग ग्रुपवर आमच्या काठोकाठ भरलेल्या टाकीचा फोटो आला, खाली ओळ होती, "सेक्रेटरींनी गुपचूप पाणी सोडून स्वतःचं घर भरलं." एकमताने माझा राजीनामा मागण्यात आला आहे. "उद्या पाच वाजता टाकीखाली देतो," असं मी कळवलंय. सगळे सहाला येणार आहेत.