फॉइलची जाडी

हे सगळं मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण — कारण काय ते मलाही नीट सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

सकाळी कधीतरी मोबाइलवर एक मेल येतो. तुमच्या शोधनिबंधाचा कुणीतरी संदर्भ दिला आहे, असं सांगणारा. माझ्या कॉलेजातले लोक असा मेल आला की लगेच ग्रुपवर टाकतात, खाली अंगठे आणि फुलं जमतात. मी मात्र तो कुणाला दाखवत नाही. आगाशीला आमची वाडी आहे. चाफा खुडत असले तर टोपली तशीच खाली ठेवते आणि आधी बघते — कोण आहे हा? कुठला? माझा आकडा नुसता उल्लेखापुरता घेतलाय, की त्यावर पुढचं गणित उभं केलंय? नुसता उल्लेख असला तर श्वास सुटतो. गणित असलं तर दिवसभर मुलांना काय शिकवलं ते आठवत नाही.

सायटेशन म्हणजे दुसरं काय असतं? तुम्ही काही मोजलंत, छापलंत. दुसऱ्याने ते खरं धरून त्याच्यावर पाय ठेवला. आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्यावर ठरते — किती जणांनी तुमच्यावर पाय ठेवला. पायाखालची फळी किडकी आहे हे फळीला माहीत असेल तर?

मी भौतिकशास्त्र शिकवते. अणुकेंद्रकीय भौतिकीच्या एका नावाजलेल्या जर्नलमध्ये माझा एक निबंध आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने त्या जर्नलचाच अभ्यास केला. कोणत्या काळात कोणते विषय जोरात होते, कोणते मागे पडले, कोणत्या लेखाचा किती संदर्भ घेतला गेला, असं सगळं. अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या धातूंच्या विषयात माझा निबंध सगळ्यात वर निघाला. मग काय! कॉलेजने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण. ‘आगाशीची लेक जगाच्या नकाशावर’ असं ते म्हणाले. मी खुर्चीत बसून दाराकडे बघत होते. आता कुणीतरी उभं राहून विचारेल, असं प्रत्येक टाळीला वाटत होतं.

शेवटच्या रांगेत पास्कलभाऊ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मनापासून टाळ्या वाजवत. त्यांच्याबद्दलच सांगायचंय मला. पण आधी फॉइल.

प्रयोग तसा सोपा होता. झिर्कोनियम धातूच्या पातळ फॉइलवर न्यूट्रॉनचा मारा करायचा आणि त्यातले किती अणू बदलतात ते मोजायचं. त्यावरून एक आकडा निघतो — ही प्रक्रिया घडण्याची शक्यता किती, हे सांगणारा. त्या हिशोबात फॉइलची जाडी लागते, कारण जाडी चुकली की अणूंची संख्या चुकते आणि सगळंच चुकतं. मी पाकिटावर छापलेली जाडी घेतली. वजन करून ताडून बघायला हवी होती, ते राहिलं. निबंध छापून आल्यावर उरलेला तुकडा एकदा सहज केमिस्ट्रीच्या तराजूवर ठेवला. फॉइल पाकिटावर लिहिल्यापेक्षा जाड होती. म्हणजे माझा आकडा खऱ्यापेक्षा मोठा होता.

इथपर्यंत ती चूकच होती. चूक कुणाचीही होते. संपादकांना दोन ओळी कळवायच्या, ते दुरुस्ती छापतात, विषय संपतो. मी कळवलं नाही. माझ्या बढतीची मुलाखत तोंडावर होती आणि त्या निबंधाशिवाय माझ्याकडे दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. उरलेला तुकडा दुसऱ्याच गठ्ठ्यातला असेल — असं मी स्वतःला सांगितलं. तो त्याच पाकिटातला होता. मीच काढला होता.

मग संदर्भ यायला लागले. पहिल्यांदा एक, मग अधूनमधून, मग सारखे. जितके जास्त आले तितकं तोंड उघडणं अवघड झालं.

आता लीना. वसईजवळच्या ख्रिस्ती गावातली मुलगी, ज्युनिअर कॉलेजपासून माझी विद्यार्थिनी. मला टीचर म्हणायची. तिचं बघून तिचे वडील, पास्कलभाऊ, तेही टीचरच म्हणायला लागले. पास्कलभाऊंचा सातिवलीला एक लहानसा गाळा, त्यात लेथ मशीन, आणि दोन माणसं हाताखाली. लीना पीएचडीला लागली आणि तिने माझाच विषय घेतला. ‘टीचर, तुमचा आकडा मी आणखी बारकाईने काढणार!’ असं हसत म्हणाली होती. मी तिला म्हणाले का, की बाई, दुसरा विषय घे? नाही. मी तिला शुभेच्छा दिल्या.

मारा झाल्यावर फॉइल डिटेक्टरसमोर ठेवायला एक होल्डर लागतो. त्याचं अंतर केसभरही हलून चालत नाही. बाहेरून मागवायला वेळ लागणार होता, म्हणून पास्कलभाऊंनी तो स्वतः ॲल्युमिनियममधून उतरवून दिला. लीनाने निबंधाच्या शेवटी आभारांत वडिलांचं नाव घातलं होतं.

ते मला माहीत आहे, कारण तो निबंध तपासायला माझ्याकडे आला.

जर्नलची रीत अशी असते. आलेला लेख संपादक त्या विषयातल्या जाणकाराकडे पाठवतात. हा रेफरी कोण, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. या विषयात सगळ्यात जास्त संदर्भ कुणाचे, तर माझे. सायटेशननेच मला त्या खुर्चीत बसवलं. ही माझी विद्यार्थिनी आहे, मी तपासू शकत नाही — एवढं एक वाक्य संपादकांना लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. मला तो निबंध आधी स्वतः बघायचा होता.

लीनाचा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी होता. मी तराजूवर मोजलेली जाडी घालून माझं जुनं गणित पुन्हा केलं. उत्तर तिच्या आकड्याच्या शेजारी येऊन बसलं.

कळतंय ना तुम्हाला? मला शंका नव्हती. माझा गोंधळही झालेला नव्हता. ती बरोबर आहे हे त्या घटकेला जगात फक्त मला ठाऊक होतं — तिलासुद्धा नव्हतं. आणि मी लिहिलं, की स्थानिक पातळीवर बनवलेल्या होल्डरच्या अचूकतेवर विश्वास ठेवता येत नाही. अंतर वाढल्यामुळेच मोजणी कमी आली असावी. प्रस्थापित आकड्याशी मेळ बसेपर्यंत हा निबंध छापण्यायोग्य नाही. प्रस्थापित आकडा म्हणजे माझा.

पुढच्याच महिन्यात लीना ते परीक्षण घेऊन माझ्याकडे आली. आगाशीच्या स्टँडवरून चालत, उन्हाने लाल होऊन. मी तिच्यापुढे वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवली, तिने हात लावला नाही. कागद काढून मोठ्याने वाचायला लागली. माझीच वाक्यं, तिच्या आवाजात.

‘टीचर, हा माणूस नक्की काय म्हणतोय? होल्डर तर आम्ही किती वेळा मोजला.’

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ‘पुन्हा एकदा करून बघ. रेफरी उगीच काही लिहीत नाहीत.’

तिने पुन्हा केलं. पास्कलभाऊंनी होल्डर नव्याने उतरवला. आकडा तोच आला. मग त्यांनी तो आणखी एकदा उतरवला, गाळ्यातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून. तरी तोच. लीनाच्या मार्गदर्शकांचाही धीर सुटला. छापलेल्या, एवढे संदर्भ मिळालेल्या आकड्याशी भांडायचं कसं? तेवढ्यात शिष्यवृत्ती संपली. लीनाने पीएचडी सोडली. आता ती विरारला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते. चांगलं शिकवते, असं ऐकते.

सत्कार संपल्यावर पास्कलभाऊ माझ्यापाशी आले. घरी ते त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र शाळेत उत्तर दिल्यासारखं, जपून. त्यांनी नमस्कार केला.

‘बरं वाटलं, टीचर. आमच्या लीनाचं पन असंच झालं असतं.’ मग म्हणाले, ‘तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पन माझाच हात चुकला तेव्हा. मोठ्या जागचं काम होतं, मी घ्यायला नको होतं. आता बारीक काम मी घेतच नाही.’

माझ्या खांद्यावर ती शाल होती. मी म्हणाले, ‘असं मनाला लावून घेऊ नका.’ बस, एवढंच. लोक फोटोला बोलवत होते, मी गेले.

त्यानंतर मात्र झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी संपादकांना लिहिलं: फॉइलची जाडी चुकली होती, आकडा मोठा आहे, दुरुस्ती छापावी. त्यांचं उत्तर आलं, अगदी सौजन्याचं. दुरुस्ती छापली जाणार आहे.

मग एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून मंडळी घरी आली असतील अशा बेताने, पास्कलभाऊंकडे गेले. लीना आली होती. ओटीवर बसून मी दोघांना फॉइलचं सगळं सांगितलं. पाकीट, तराजू, वर्षानुवर्षं गप्प बसणं. लीना माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठून आत जाईल. खरं सांगते, तिने तसं करावं असंच वाटत होतं.

पास्कलभाऊंनी विचारलं, ‘म्हणजे होल्डर बरोबर होता?’

‘बरोबर होता, पप्पा,’ लीना म्हणाली.

‘पहिला? की नंतरचा?’

‘पहिल्यापासून.’

ते उठले आणि बायकोला सांगायला आत गेले. आतून त्यांचा आवाज येत होता. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत होते, त्यांच्या बोलीत, न जपता.

लीनाचे डोळे भरले होते. ती चिडेल म्हणून मी वाट बघत होते आणि तिने माझा हात धरला. म्हणाली, ‘टीचर, इतक्या वर्षांनी स्वतःची चूक छापून आणायला कोण जातं? मला खूप राग यायला पाहिजे, कळतंय मला. पण तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत.’ मग डोळे पुसत म्हणाली, ‘तो रेफरी कोण होता देव जाणे. त्यालाही हे कळायला हवं.’

चहा आला होता. माझ्या हातात कप होता. तीच वेळ होती ना? समोर ती, आत तिचे आईवडील, रस्त्यावर कुणी नाही. तोंड उघडलं मी.

‘कळेल,’ मी म्हणाले.

निघताना पास्कलभाऊ रस्त्यापर्यंत आले. रिक्षा त्यांनीच थांबवली, माझ्या हातात केकचा डबा दिला आणि रिक्षावाल्याला बजावलं, ‘टीचरना नीट सोड रे, आपलं माणूस आहे.’ मी बसले. आगाशी येईपर्यंत डबा मांडीवर धरून होते.

तो परीक्षक मी होते. हे वाक्य मी त्या घरात उच्चारलं नाही. त्यानंतर लीनाचा दोनदा फोन येऊन गेला. तेव्हाही नाही.