वेंडेलच्या अंगणातली पाटी

वेंडेल क्रॉसला राजकारण कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे बिचाऱ्यावर अन्याय. कळायचं की! फक्त आधी शेजारच्या आर्लो टूमीचं मत कळावं लागायचं.

ओहायोतल्या त्या गावात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जवळ आली, की आर्लो आपल्या घरापुढच्या हिरवळीवर उमेदवाराची पाटी ठोकायचा. हातोड्याचा आवाज आला की वेंडेल पडदा सारून पाटी वाचायचा, आणि दुपारच्या आत त्याच्या अंगणात विरुद्ध पक्षाची पाटी उभी! गाढवाच्या चिन्हाचे डेमोक्रॅट की हत्तीच्या चिन्हाचे रिपब्लिकन, हे आर्लो निवडायचा. वेंडेलच्या वाट्याला उरलेला प्राणी.

तरुणपणी आर्लो कारखान्यातला युनियनवाला, पक्का उदारमतवादी. साहजिकच वेंडेल परंपरावादी झाला आणि 'सरकारनं माझ्या खिशातून हात काढावा' म्हणून ओरडू लागला. ऐंशी साली अख्खा देश उजवीकडे कलला, आर्लोही कलला. झालं! वेंडेलला एका दुपारीत गोरगरिबांचा असा काही कळवळा आला, की बायको डॉटीनं त्याला ताप आहे का ते हात लावून पाहिलं. पुढे कारखाना बंद पडला, देश डावीकडे आला, आर्लोही आला, आणि वेंडेल पुन्हा खिसा सांभाळू लागला. आर्लो नेहमी देशाबरोबर वळायचा, त्यामुळे वेंडेल जन्मभर हरतच आला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या अंगणातली पानं झाडायची, अशी दोघांची पैज होती. आर्लोच्या दारातला मेपल तर मेला पानं ढाळण्यासाठीच जन्माला आलेला.

यंदा मात्र ऑक्टोबर संपत आला, मतदान आठवड्यावर आलं, तरी हातोडा वाजेना. उन्हाळ्यात आर्लोची बायको गेली होती, तेव्हापासून तो घराबाहेर फारसा दिसत नव्हता. वेंडेलच्या गॅरेजमध्ये दोन्ही पक्षांच्या पाट्या तयार होत्या आणि हा आपला खिडकीत.

"अरे, स्वतःचं डोकं वापरून ठरव की एकदा!" डॉटी म्हणाली.

"या वयात? काहीतरीच काय!"

शनिवारी सकाळी ठकठक ऐकू आली. वेंडेल धावला, पडदा सारला. पाटीवर गाढव नव्हतं, हत्तीही नव्हता. 'घर विकणे आहे', एवढंच.

"लेकीकडे जातोय म्हणे, ॲरिझोनाला," डॉटी हळूच म्हणाली. "एकट्याला घर खायला उठतं रे त्याला."

वेंडेलला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं जन्मभर केलं तेच केलं. गॅरेजमधून फळी आणि लाल रंग काढला, आणि दुपारच्या आत त्याच्या अंगणात पाटी उभी राहिली: 'शेजारचं घर विकायचं नाही.' खाली आर्लोच्या दाराकडे बाण.

घर बघायला आलेलं जोडपं एकदा ही पाटी वाचत होतं, एकदा ती. शेवटी गाडीतून न उतरताच निघून गेलं. आर्लो तरातरा कुंपणाशी आला.

"डोकं फिरलंय का तुझं? गिऱ्हाईक पळवलंस माझं!"

"तू पाटी लावलीस, मी उलटी लावली. नियम आहे आपला."

"निवडणुकीची गोष्ट वेगळी, गाढवा!"

"गाढव का हत्ती तेच तर कळेना! तू सांगितलंस का यंदा?"

"म्हणजे इतकी वर्षं तू माझी पाटी बघून..." आर्लो थांबला. "आणि मी तुला निदान तत्त्वाचा माणूस समजत होतो!"

"तत्त्वाचाच आहे. तुझ्या विरुद्ध, हे माझं तत्त्व."

आर्लोला हसू फुटणार होतं, ते त्यानं खोकल्यावारी नेलं. "घर तर मी विकणारच. याही वेळी तू हरणार बघ."

"हरतो की. पानं झाडतो." वेंडेलचा आवाज चिरकला. "पण तू गेल्यावर कुणाची झाडू, लेका?"

आर्लोनं मेपलकडे पाहिलं, नाक ओढलं आणि तो घरात गेला. त्या दिवशी वेंडेलला जेवण गेलं नाही. डॉटीनं केलेला खिम्याचा मीटलोफ तसाच ताटात राहिला.

सकाळी पुन्हा ठकठक. वेंडेल अनवाणीच खिडकीशी गेला. विक्रीची पाटी उपटून कुंपणाला टेकवलेली, आणि तिच्या जागी आर्लो एका उमेदवाराची पाटी ठोकत होता. कुठल्या पक्षाची, ते वेंडेलला दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. डोळेच भरून आलेले.

"डॉटी, ये गं लवकर!" तो ओरडला. "वाच तेवढं. यंदा मी कोण आहे ते कळू दे!"