आईची साखर

गरोदरपणात वाढलेली माझी साखर बाळंतपणानंतरही उतरली नाही. सव्वा महिना झाल्यावर तपासणी केली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन कमी कर, भात-साखरेला आवर घाल, नाहीतर हा आजार कायमचा चिकटेल.

माझ्यासाठी आई मालवणहून बोरिवलीला आली होती. तिने दोन डबे भरून डिंकाचे लाडू करून ठेवले होते. मी ते नको म्हटले. दोन दिवसांनी सकाळी ती लाडवांची ताटली घेऊन समोर बसली.

"एक तरी खा गो. अंगात ताकद कशी येतली?"

"मला तुझ्यासारखं गोळ्यांवर जगायचं नाहीये," मी म्हटलं.

आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह होता. ती ताटली घेऊन आत गेली.

मी भात सोडला, मग भाकरीही. दिवसभर अंडी आणि काकडी. वर बाळाला अंगावर पाजत होते. वजनाचा काटा खाली येत होता, त्यातच मला समाधान होतं. एका दुपारी मुलीला आंघोळ घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सुटला. आई शेजारी होती म्हणून तिने मुलीला टबातच धरलं. मी मोरीत भिंतीला टेकून खाली बसले.

डॉक्टरीणबाई चिडल्या. पाजणाऱ्या बाईने असं उपाशी राहायचं नसतं. अर्धी भाकरी, उसळ, मासे, दुपारी वाटीभर भात आणि रोज चालणं, एवढंच पुरे, असं त्यांनी समजावलं.

घरी येऊन मी माझी साखर मोजली. मग सहज आईचं बोट धरलं. तिने हात मागे घेतला. मी हट्टाने सुई टोचली, तर आकडा साडेतीनशेच्या वर गेला. खोदून विचारल्यावर कळलं की तिच्या गोळ्या तीन आठवड्यांपूर्वीच संपल्या होत्या. आणि लाडू फुकट जायला नकोत म्हणून ती रोज दोन-दोन खात होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तू तुझ्याच साखरेत होतीस," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे दोन महिन्यांत झालेलं नाही, वर्षानुवर्षं आत चाललेलं असणार. ते खरंच असेल. पण त्या घरात तिच्यासोबत दोन महिने मी राहत होते, आणि ती दाराची चौकट चाचपडते हे मला दिसलं नव्हतं.

लेझर झालं, इंजेक्शनं झाली. ती नजर काही परत आली नाही.

आता माझं वजन नऊ किलोंनी उतरलंय, साखर आटोक्यात आहे. नातेवाईक कौतुक करतात. आई गावी परत गेलीय, गोळ्या वेळेवर घेते. मी मुलीचे फोटो पाठवते. ती फोन घेऊन शेजारणीकडे जाते आणि पोर कोणावर गेलीय ते तिला विचारते.