खिळ्यावरचा बिल्ला

बेल गल्च गावच्या चांदीच्या खाणीत आत जाताना फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि वर आलं की पुन्हा आपल्या खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा दिसला की माणूस अजून आत आहे, बिल्ला दिसला की सुखरूप वर आला. गावातल्या बायकांचा पाद्र्यापेक्षा त्या फळ्यावर जास्त भरवसा होता.

ज्या शनिवारी येराचा नवरा लोइझ घरी आला नाही, त्या संध्याकाळी ती धावतच खाणीवर गेली. बिल्ला जागेवर होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"वर आलाय गं तो," लोइझचा जोडीदार गाशपर म्हणाला. "बसला असेल कुठंतरी ढोसत. भूक लागली की येईल."

लोइझ आला नाही. सोमवारी चौथ्या बोगद्याचं छत कोसळलेलं सापडलं. फळ्यावर एकही खिळा रिकामा नव्हता, मग ढिगारा कोण कशाला उपसतो? चांदीचा भाव आधीच उतरला होता. कंपनीनं बोगद्याच्या तोंडावर फळ्या ठोकल्या आणि विषय मिटवला. लोइझ मोन्टानाला, तांब्याच्या खाणीकडे पळाला, असं गावानं ठरवलं. येरालाही ते पटलं, कारण त्या दिवशी सकाळीच दोघांचा खटका उडाला होता. एवढ्याशा भांडणावरून माणूस तान्ही पोर टाकून जातो, या विचारानं ती पेटून उठली आणि मग कधी विझलीच नाही.

पुढं खाण बंद पडली. डोंगरावरून खनिज उतरवणाऱ्या तारेच्या दोरावर माणसं वर नेणाऱ्या खुर्च्या लटकल्या आणि शहरातली माणसं स्की घेऊन डोंगरावर येऊ लागली. "आपण पोटासाठी डोंगरात शिरलो, हे हौसेनं डोंगरावरून पडतात," असं म्हणत म्हातारे खाणकामगार त्याच खुर्च्यांच्या लिफ्टवर नोकरीला लागले. रिसॉर्टवाल्यांनी तो बिल्ल्यांचा फळा शोभेसाठी खानावळीत टांगला, आणि नेमकी त्याच खानावळीत येरा स्वयंपाकाला होती. पाहुणे फळ्यापाशी उभे राहून फोटो काढत. हंगामाआधी ती सगळे बिल्ले घासूनपुसून लखलखीत करी. लोइझच्या बिल्ल्याला मात्र तिनं कधी फडकं लावलं नाही. तो काळा पडला तसं तिला बरंच वाटलं.

पोर मोठी झाली, बापाबद्दल विचारू लागली. "मेला असता तर निदान फुलं तरी वाहिली असती," येरा म्हणायची. "तुझ्या बापाला तेवढंही धड जमलं नाही."

एका उन्हाळ्यात रिसॉर्टवाले कृत्रिम बर्फ बनवायच्या पाण्याचे नळ घालायला उतारावर खोदू लागले. दुपारी गाशपर टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"येरा, बस जरा."

"बसायला वेळ कुणाला आहे? आणि ते पाय बाहेर पुसून ये."

"लोइझ सापडला."

"असं? कितव्या बायकोबरोबर?"

"चौथ्या बोगद्यात, येरा. ढिगाऱ्याखाली."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. "काहीतरीच काय! बिल्ला बघ की. तो वर आला होता."

"आला होता. बिल्ला अडकवला आणि पुन्हा आत गेला. काही राहिलं असेल तर आम्ही सगळेच जायचो तसे, पाच मिनिटांसाठी बिल्ला कोण काढतो? त्या दिवशी मी पुढं निघून आलो. फळ्यावर बिल्ला दिसला म्हणून मीसुद्धा..."

येरा भिंतीला टेकली. जन्मभर जिच्याकडे नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून लोकांनी हळहळत पाहिलं, तिचा नवरा गावाची वेसही ओलांडून गेला नव्हता. ती त्याला शिव्यांची लाखोली वाहत होती आणि हौशी माणसं त्याच्या डोक्यावरून घसरत होती. तिला इतकी लाज वाटली की गाशपरकडे बघवेना.

"काय राहिलं होतं त्याचं आत?" तिनं कसंबसं विचारलं.

"जेवणाचा डबा. छातीशी धरलेला होता."

येरा जमिनीकडे बघत बोलली.

"रोज आत विसरायचा. त्या सकाळी मी म्हटलं, आज डब्याशिवाय आलास तर या घरात पाऊल टाकू नकोस." तिनं ॲप्रनच्या टोकानं तोंड दाबून धरलं. "एरवी माझं एक अक्षर ऐकलं नाही रे त्यानं, गाशपर. एक अक्षर नाही."