सल्लागारांची पैसेवारी

शेअर बाजाराचा सल्ला देणाऱ्यांचा इतका मूलगामी अभ्यास केलेला माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नाही. मुंबईत काचेच्या खोल्यांत बसून टाय लावलेली माणसं जे काम करतात, ते आमच्या तलाठीसाहेबांनी कळमनुरीत, रशीदभाईच्या नेट कॅफेत, खाकी फाइल मांडीवर घेऊन सहा वर्षं केलं. त्या सहा वर्षांत त्यांनी एकोणीस संकेतस्थळं तपासली, प्रत्येकाचा स्वतंत्र पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या, हरकती मागवल्या आणि अंतिम अहवाल लिहिले. शेअर मात्र एकही घेतला नाही. तशी घाई करायचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं.

कारण दिसत होतं ते काकूंना. साहेब निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे बँकेच्या बचत खात्यात आले आणि त्याच संध्याकाळी नवरा-बायकोत एक करार झाला. पैसा चांगल्या जागी लावायचा, आणि तो लागला की त्यातून पहिलं काम म्हणजे घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा. या कराराचा साक्षीदार मी. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा शाळामास्तर, आणि त्या भागात कुठल्याही कागदावर सही करायला सहज मिळणारा माणूस. ज्यांनी मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढली आहे त्यांना काकूंची बाजू समजावून सांगायला नको. ज्यांनी काढली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की काकूंना पापड वाळवायला अंगणात जावं लागत नसे. त्या लाटायच्या, आणि शेवटचा पापड लाटून होईपर्यंत पहिला वाळलेला असायचा.

तेव्हा वर्तमानपत्रांतून इंटरनेटवरच्या शेअर सल्ल्याच्या जाहिराती येऊ लागल्या होत्या. यांतल्या कुणाचं ऐकायचं, हे ठरवण्यापुरताच साहेबांचा प्रश्न होता. दुसऱ्या कुणी शेजाऱ्याला विचारलं असतं, मेहुण्याला विचारलं असतं, किंवा सरळ डोळे मिटून पैसे घातले असते. साहेबांना आयुष्यात खरं-खोटं ठरवायची एकच रीत ठाऊक होती, आणि ती म्हणजे पैसेवारी. गावातलं पीक कसं आलं, हे रुपयातल्या पैशांत मांडायची ही सरकारी पद्धत. नेहमी यायला हवं तेवढं पीक म्हणजे शंभर पैसे, निम्मं आलं तर पन्नास. पन्नासच्या खाली गेलं की दुष्काळ जाहीर होतो आणि मदत द्यावी लागते. त्यामुळे ती एक्कावन्न निघावी अशी वरच्या माणसांची मनापासून इच्छा असते. साहेबांनी नोकरीत एका वर्षी एका गावाची सत्तेचाळीस लिहिली. वरून निरोप आला, पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजली, पुन्हा सत्तेचाळीस आली. पुढच्या महिन्यात त्यांची बदली अशा गावी झाली, जिथं एसटी पावसाळ्यात चार महिने रस्ता विसरायची. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही, काकूंनी सांगितली. कारण त्या गावातही घरावर पत्रेच होते.

रशीदभाई मूळचा शिंपी. रेडिमेड कपड्यांनी धंदा बसला तेव्हा त्याने दोन संगणक आणले आणि नवीन टेबलाचा खर्च नको म्हणून ते शिलाई मशीनच्या टेबलांवरच मांडले. मशीन वरून काढली होती, खालची पायपट्टी तशीच होती. त्यामुळे जगाशी संपर्क साधणारी सगळी कळमनुरी खाली पाय हलवत बसलेली असायची. साहेबांचं पान उघडायला वेळ लागला की त्यांचा पाय जोरात चालायचा. रशीदभाई गल्ल्यावरून म्हणायचा, "साहेब, तकलीफ नका घेऊ. पायानं न्हाई येत ते, टॉवरवरून येतं."

साहेबांनी पहिल्याच आठवड्यात संकेतस्थळांची दोन प्रकारांत वर्गवारी केली. काही नुसती संशोधन पुरवायची, म्हणजे कंपन्यांचे ताळेबंद, आलेख आणि चाळीस पानांचे अहवाल. निर्णय तुमचा तुम्ही घ्या. ही साहेबांनी कोरडवाहूत टाकली. बाकीची थेट सल्ला द्यायची, अमुक घ्या, तमुक विका, आणि तो मोबाइलवर संदेशाने यायचा. ही बागायत. "कोरडवाहूत आपली अक्कल पेरावी लागती," ते मला समजावून सांगत, "बागायतीत पानी त्यांचं. पन पानीपट्टी बी त्यांचीच." नावं इंग्रजी आणि एकसारखी असल्यामुळे त्यांनी प्रत्येकाला गट नंबर दिला. तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणी कंपनीची नावं घेतलीच नाहीत. गट नंबर चार अहवाल चांगले लिहितो, पण जमिनीला फार उतार आहे. गट नंबर नऊ पाणथळ आहे. गट नंबर चौदावर लक्ष ठेवायला पाहिजे.

पाहणीची रीतही सरकारीच होती. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. मध्ये पीक कापणी प्रयोग, म्हणजे त्या सेवेने मागे दिलेल्या सल्ल्यांची यादी छापून घ्यायची आणि डोळे मिटून दहा ठिकाणी पेन्सिल टेकवायची. ज्या सल्ल्यावर टेकेल त्याचं पुढे काय झालं ते वर्षभर पाहायचं. पोस्टाच्या ठेवीवर जे व्याज मिळतं ते नेहमीचं पीक, म्हणजे शंभर पैसे. त्यावरून हिशेब. पंच म्हणून मी आणि रशीदभाई. वीज गेली की पंचनाम्यात 'जागेवर अंधार आढळून आला' असं लिहून आम्ही उठायचो, आणि वीज त्या काळी फार जायची.

फुकट चाचणीची मुदत संपली की या सेवांचे फोन यायचे. एकदा कॅफेत बसलो असताना गट नंबर अकराच्या मुलीचा फोन आला. साहेबांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, पयले तुमारे हापिस की चतुःसीमा बोलो."

"जी सर?"

"चारों बाजू कू क्या क्या है. पूरब कू क्या है?"

पलीकडून आवाज आला, "सर, पूरब में... शायद लिफ्ट है."

"पश्चिम?"

"सर, वॉशरूम. सर, आपको कौन सा प्लॅन चाहिए?"

"उत्तर कू?"

"सर, उत्तर में मैनेजर बैठते हैं."

साहेबांनी उत्तरेस 'वहिवाटदार' असं लिहिलं. दक्षिणेला खिडकी होती, तिच्यातून काय दिसतं तेही विचारून घेतलं. तिने बिचारीने उठून पाहिलं आणि दुसरी इमारत दिसते असं सांगितलं. फोन ठेवून ते मला म्हणाले, "पोरगी खरी हाय, गुरुजी. उठून बघितलं तिनं. पाच पैसे वाढवा."

पंचनामा झाला की नोटीस. 'सदर संकेतस्थळाबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी' असा कागद कॅफेच्या दाराला चिकटायचा. पहिली दोन वर्षं एकच हरकत आली. शेजारच्या केशकर्तनालयाच्या मालकांनी लिहिलं होतं, की गट नंबर सहा उघडला की रशीदभाई टीव्हीचा आवाज कमी करतो आणि आम्हाला क्रिकेटचा स्कोर कळत नाही. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि हरकत अंशतः मान्य केली.

दर उन्हाळ्यात काकू एकदा विचारायच्या. हातात पंखा, कपाळावर ओला टॉवेल. "काय म्हनतो तुमचा गट नंबर चौदा? सावली देतो का?"

"सुधारित निघाली हाय. अंतिम बाकी हाय."

"काहून बाकी हाय?"

"हरकतीचा कालावधी चालू हाय ना."

काकू उठून आमच्याकडे येऊन बसायच्या, कारण आमच्यावर स्लॅब होता, आणि माझी बायको माझ्याकडे अशा नजरेने पाहायची की पंचनाम्यावरच्या सह्या मला आठवायच्या.

इकडे साहेबांची कीर्ती पसरत गेली. आठवडी बाजाराच्या दिवशी डोंगरकड्याचे, शिरड शहापूरचे लोक, कुणी कापडवाले, कुणी कृषी केंद्रवाले, एखादे मास्तर, कॅफेत डोकावायचे आणि कुठली सेवा घ्यावी म्हणून विचारायचे. साहेब पैशाला हात लावत नसत. अर्ज घेत आणि अहवालाची नक्कल देत. बावीस पानांची नक्कल वाचून काही जणांनी शेअर बाजाराचा नाद कायमचा सोडला. तो त्यांना झालेला फायदा साहेबांनी कुठेही दाखवला नाही.

सहाव्या उन्हाळ्यात एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, एक अर्ज लिहून द्या. सातवी झालीय माझी, पन सरकारी लिव्हता येत न्हाई." मी कागद घेतला. त्यांनी उभ्यानेच सांगितलं आणि मी लिहिलं. 'अर्जदार ही सहा वर्षांपासून पत्र्याखाली राहते. सर्व सल्लागारांची पैसेवारी काढण्यात आली आहे. परंतु गावोगावच्या लोकांना सल्ला देणारे एक सेवानिवृत्त तलाठी यांची पैसेवारी अद्याप काढण्यात आलेली नाही. ती काढावी ही विनंती.' खाली त्यांनी स्वतः सही केली, प्रत्येक अक्षर सुटं आणि ताठ. मग कॅफेच्या दारावर लागलेल्या चालू नोटिशीची मुदत संपायला दोन दिवस असताना अर्ज कॅफेत नेऊन दिला.

मला वाटलं होतं, साहेब हसतील किंवा रागावतील. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक घातला आणि बायकोला पोच दिली.

चौकशी त्यांच्याच घरी, दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली झाली. जागेची पाहणी असल्यामुळे दुसरीकडे बसता येणार नाही, असं ते म्हणाले. रशीदभाईने दुकान बंद करून यावं लागल्याबद्दल कुरकुर केली, पण दहा मिनिटांत त्याची कुरकुरही वाळली. काकू दाराशी बसल्या होत्या. साहेबांनी नव्या पानावर गट नंबर वीस असं लिहिलं आणि चतुःसीमा भरली. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गुरुजी, दक्षिणेस कडुलिंब, उत्तरेस मोकळी जागा. मग हिशेबाला बसले. नेहमीचं पीक म्हणजे पोस्टाचं व्याज. प्रत्यक्ष पीक म्हणजे सहा वर्षं फंड ज्या बचत खात्यात पडून होता, त्याचं व्याज. भागाकार त्यांनी केला, मग मला करायला लावला, मग रशीदभाईला. तिघांचंही उत्तर एकच आलं. चव्वेचाळीस पैसे.

वर पत्रा तापून टक्टक् वाजत होता. साहेबांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. या माणसाने सहा वर्षं ऊन खाऊन, पाय हलवून, एकोणीस जणांना तोलून जे मिळवलं, ते असं एका भागाकारात समोर आलं होतं. मी हळूच म्हणालो, "साहेब, कापणी प्रयोगात थोडं इकडं-तिकडं होतं. एक्कावन्न करू या का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. "गुरुजी," ते म्हणाले, "तेव्हा सत्तेचाळीस बदलले न्हाईत. आता घरातलं हाय म्हनून बदलू?"

आणि त्यांनी चव्वेचाळीस लिहिले, अंकी आणि अक्षरी. मग पान उलटून त्याच पेनाने आदेश लिहिला. पैसेवारी पन्नासच्या आत आल्याने दुष्काळ जाहीर करण्यात येत आहे. बाधित व्यक्ती एक. तातडीची मदत म्हणून फंडातील रकमेतून राहत्या घरावर स्लॅब मंजूर. उर्वरित रक्कम पोस्टात ठेवावी. त्यांनी सही केली आणि कागद काकूंसमोर धरला.

"हरकत असल्यास पंधरा दिवसांत..."

"न्हाई माझी हरकत," काकू म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसत आत गेल्या. आत पाणी पिण्याचा आवाज बराच वेळ आला.

पावसाआधी स्लॅब टाकून झाला. त्यानंतर एका वर्षी बाजार कोसळला. तपासलेल्या गटांपैकी कितीतरी रातोरात बंद झाले. साहेबांनी त्यांच्या नावापुढे 'पडीत' असा शेरा मारला. तुम्ही बरे वाचलात, असं लोक त्यांना येऊन सांगू लागले. "वाचलो कुठं," ते म्हणायचे, "पोचलोच न्हाई." कोरडवाहू बरं की बागायत, हा निकाल त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवला.

आता साहेब नाहीत. रशीदभाईच्या कॅफेत मोबाइलची कव्हरं विकतात. काकू स्लॅबवर पापड वाळवतात, आणि त्यांना तिथे जिना चढून जावं लागतं, याची तक्रार करतात. कधी दुपारी कुणीतरी एखाद्या सल्लागाराची जाहिरात मला दाखवून विचारतं, हा कसा आहे. मला तेव्हा त्या सावकाश टोपण काढणाऱ्या हाताची आठवण होते, आणि मी त्या माणसाला विचारतो, की याच्या पूर्वेला काय आहे. तो निघून जातो.

घरावरून काढलेले पत्रे साहेबांनी पंचभत्ता म्हणून मला दिले होते, रीतसर पावती घेऊन. त्यांतून मी गच्चीवर लिहायला-वाचायला एक खोली काढली. हे सगळं तिथेच बसून लिहिलं. आता दुपारचे बारा वाजून गेलेत, आणि बारानंतर इथे बसवत नाही.